दिवाणातली मेथी

।। श्री ।।

१५ जून २०२५, रविवार. मेहरूण, जळगाव

आज आमच्या गावच्या लोटनभाऊच्या पिकअपमधून आलं ते असं:

काळी माती तीन गोण्या, अक्काच्या बांधावरची, पैसे नाहीत. शेणखत दोन गोण्या, कुजून चहाच्या भुकटीसारखं झालेलं, अक्काच्याच उकिरड्याचं, पैसे नाहीत. गांडूळखत दहा किलो, १२० रु. निंबोळी पेंड पाच किलो, १६० रु. ओल्या गोणपाटात बांधलेलं मडकंभर गांडुळं. ती अक्काने उसनी म्हणून दिलीत, परत मागणार आहे म्हणे. इथल्या बाजारातून जाड ताडपत्री २१० रु. आणि दोन ट्यूबलाइट ३८० रु. गोण्या तिसऱ्या मजल्यावर चढवायला हमाल १०० रु. गाडीभाडं लोटनभाऊने घेतलं नाही. पोहे खाल्ले, चहा दोनदा घेतला.

मातीला एवढा खर्च मी जन्मात केला नव्हता. कशासाठी केला तेही लिहून ठेवते, म्हणजे पुढे मलाच मूर्खपणा वाटला तर कारण सापडेल.

माझी थोरली बहीण कमलबाई, आमची अक्का, साक्रीकडच्या आमच्या गावात एकटी राहते. माहेर तिथलंच, सासरही तिथलंच. भाऊजी गेले, मूलबाळ नाही. ऐकू जवळजवळ येत नाही, कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागतं. म्हणून फोनचा उपयोग नाही, आमचं दोघींचं पोस्टकार्डावर चालतं. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आधी ती ओट्यावरून पडली. मी गेले तर कंबरेला एरंडाचा पाला बांधून कांदे निवडत बसलेली. मी म्हटलं, आता पुरे, जळगावला चल. तर म्हणाली, "तुन्हा घरमा माटी ते शेच नई. दिनभर मी काय त्या टीव्हीनं तोंड दखू?" मी हट्ट केला तेव्हा हसली आणि म्हणाली, "तुन्हा घरमा माटीमा मेथी उगाड. तिनी भाजी कर. मंग येसू."

चार बायका बसलेल्या होत्या. मीही म्हटलं, कबूल, घरच्या मातीतल्या मेथीची भाजी झाली की तू यायचं.

गच्ची सोसायटीने बंद केली आहे, गळते म्हणून. गॅलरी पश्चिमेची. मे महिन्यात तिथे तुळससुद्धा करपते, तिला दुपारी मी आत घेते. राहिली मागची खोली. तिथे आमचा जुना दिवाण आहे, खाली पेटी असलेला. त्याची गादी काढली आणि पेटीच्या अर्ध्या भागात मातीचा वाफा करायचं ठरलं. डोकं माझं, पुस्तक सूनबाईचं. दिपमाला शाळेत विज्ञान शिकवते.

हे म्हणाले, "बहिणीला निजवायचा दिवाण, त्यात माती निजवली. अक्का आली की तिला काय वाफ्यात पेरायची?"

१७ जून, मंगळवार

आज वाफा भरला. मुलगा योगेंद्र वापीला कंपनीत, त्यामुळे कामाला आम्ही तिघंच. हे फक्त सूचना देत होते.

खाली ताडपत्री, कडेला पाणी निथळायला भोकं आणि त्याखाली परात. मग वाळलेल्या काड्या, मग माती, मग शेणखत आणि गांडूळखत, मूठमूठ निंबोळी पेंड, वर वाळका पाला. उजेडाला वर दोन्ही ट्यूबलाइट टांगल्या. दिपमालाने सांगितलं की यापुढे हा वाफा उकरायचा नाही. खुरपं लावायचं नाही, माती वरखाली करायची नाही. जे द्यायचं ते वरून पसरायचं, खाली न्यायचं काम गांडुळांचं. मला हे लगेच पटलं. नवरात्रात घटाच्या मातीला आपण बोट तरी लावतो का?

ह्यांना मात्र पटलं नाही. "खुरपल्याशिवाय जमीन म्हणजे विंचरल्याशिवाय डोकं," म्हणाले. चाळीस वर्षं एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये पाने फिरवले, पण जन्म सावद्याच्या केळीच्या मळ्यातला आहे ना.

भांडण झालं ते हाडांच्या चुऱ्यावरून. दिपमालाने पिशवी आणलेली. मुळं धरायला चांगला असतो म्हणे. मी म्हटलं, या भिंतीच्या पलीकडे देवघर आहे, गळ्यात माझ्या माळ आहे, हाडं या घरात येणार नाहीत.

"आई, झाडाला थोडंच कळतं?"

"झाडाला नाही कळत. मला कळतं, आणि भाजी मी चिरणार."

पिशवी तिने शाळेच्या बागेला देऊन टाकली. मी तिला रात्री तिच्या आवडीची शेवभाजी केली.

२४ जून, मंगळवार

खालचे सुकदेवभाऊ वर आले. मला वाटलं पाणी गळालं. म्हणाले, "वहिनी, वर शेत केलंय म्हणे? मग सातबाऱ्यावर माझं नाव लावा. जमीन तुमची असेल, पण छत माझं आहे." त्यांना वाफा दाखवला. दिवाण भिंतीला धरून बीमवर ठेवलाय आणि अर्धाच भरलाय हे दिपमालाने समजावलं. ते वाकून वास घेऊन म्हणाले, "पाऊस पडल्यावर गावाकडे येतो तसा येतोय." मग उगाच थोडा वेळ उभे राहिले.

माती अजून मुरायची आहे. पेरायचं नाही.

३० जून, सोमवार

अक्काचं कार्ड आलं. "माटी मुरू दे. घाई करू नको. मी बरी आहे." एवढंच. पूर्वी एका कार्डात गावाचं बी-बियाणं, लग्नं, मयतं, भाव, सगळं बसवायची. आता गाजराएवढी अक्षरं काढते आणि कार्ड दोन ओळींत संपवते. ओळीही उतरत गेलेल्या. इतकी उधळी कधीपासून झाली कोण जाणे. मी उत्तरात लिहिलं की बारीक लिही, कार्ड स्वस्त असलं तरी फुकट नाही.

९ जुलै, बुधवार

पहाटे दिवा लावायला गेले, तर वाफ्यावर पांढरं जाळं! भिजलेल्या कापसासारखं, पाल्यावर पसरलेलं. वाटलं, गेलं सगळं, बुरशी लागली. फडक्याने पुसायला निघाले तेवढ्यात दिपमाला आली आणि टाळ्या वाजवायला लागली. "आई, हीच तर पाहिजे! ही पाला कुजवते. माती जिवंत झाल्याची खूण आहे."

लोणच्याला अशी बुरशी आली असती तर बरणी फेकली असती. इथे म्हणे टाळ्या वाजवायच्या.

हे हल्ली सकाळचा पेपर मागच्या खोलीत वाचतात. खिडकीशी वारा लागतो म्हणे. खिडकी तर बंद असते, धूळ येऊ नये म्हणून.

१८ जुलै, शुक्रवार

आज मेथी पेरली. उकरायचं नाही म्हणून पाला नुसता बाजूला केला, दाणे पसरले, वरून गांडूळखताची चाळणी धरली, पाला पुन्हा हलका ओढला. देवापुढे निरांजन लावून एक दाणा तिथेही ठेवला. दिपमाला म्हणाली, "आई, तो दाणा उंदीर नेईल." मी म्हटलं, "नेऊ दे, त्यालाही देवानेच पाठवला असेल."

२३ जुलै, बुधवार

उगवली! पाल्यातून माना वर काढून उभी आहे, जशी पहिलीच्या वर्गातली पोरं प्रार्थनेला. मी ह्यांना हाक मारली तर म्हणाले, "मला माहीत आहे. पहाटेच बघितली." पहाटे कशाला उठले होते ते विचारायचं राहिलं.

अक्काला लगेच कार्ड टाकलं. जरा मिरवूनच लिहिलं.

३१ जुलै, गुरुवार

अक्काचं उत्तर. "उगवली म्हणजे शिजली नाही." चार शब्द, अख्खं कार्ड. खडूस आहे. लहानपणापासून अशीच.

मेथीला चार पानं फुटली आहेत. पुढच्या आठवड्यात खुडता येईल असं दिपमाला म्हणते.

आमच्या खानदेशी कानबाईची, श्रावणातल्या देवीची, तयारी चालू आहे. दर वर्षी कानबाई सावद्याला दिरांकडे बसते, यंदा त्यांनी घर बांधायला काढलंय म्हणून आमच्याकडे बसणार. या घरात पहिल्यांदाच. रोटाचे, म्हणजे देवीच्या प्रसादाचे, गहू निवडले, घरच्या जात्यावर दळायला घेतले. जातं सुकदेवभाऊंच्या छतावर फिरतंय म्हणून त्यांना आधी सांगून आले.

४ ऑगस्ट, सोमवार

काल कानबाई बसली, आज वाजतगाजत विसर्जन झालं. देवीच्या नारळाला डोळे मी काढले. दिपमालाने त्याला नथ घातली. सावद्याहून दीर, जाऊ, त्यांची सून आले. रात्रभर गाणी झाली. घर इतकं भरलेलं मी योगेंद्रच्या लग्नानंतर पाहिलं नव्हतं. योगेंद्रला सुट्टी मिळाली नाही, तेवढंच उणं.

रोटाचं जेवण पुष्कळ उरलं. योगेंद्रच्या वाट्याचेही गहू धरले होते ना. आमच्या घराण्यात रोटाचा कण परक्याला द्यायचा नाही, उंबऱ्याबाहेर टाकायचा नाही, पुनवेच्या आत घरच्यांनी संपवायचा, आणि नाहीच संपला तर आपल्याच मातीत पुरायचा. सावद्याला मळा होता, तिथे काही अडत नव्हतं. आज दीर-जाऊ निघून गेल्यावर मी डबा हातात घेऊन उभी. पुरणपोळ्या, खीर, तूप. तीन माणसं किती खाणार? कचऱ्याच्या गाडीत कशी टाकू? कानबाई आईची शपथ आहे.

मग एकदम सुचलं, आणि माझं मलाच कौतुक वाटलं. या घरात माती आहे की! तीही देवघराच्या भिंतीशी. दिपमाला शाळेत होती. उकरायचं नाही हे माहीत होतं, पण देवीसाठी एवढं चालतं असं मनाने घेतलं. खिडकीकडच्या कोपऱ्यात उलथण्याने वीतभर खड्डा केला, रोट ठेवला, माती ओढली, पाला झाकला, हळदकुंकू वाहिलं. आता ही माती कानबाईची झाली. आता मेथीला बरकत येईल.

८ ऑगस्ट, शुक्रवार

बरकत आली ती मुंग्यांना. परवापासून खोलीत आंबूस वास आहे. मी उदबत्त्या लावल्या. काल चिलटं उठली. आज दुपारी बघते तर खिडकीकडची मेथी आडवी पडलेली, देठ तळाशी काळे, पाण्यात बुडवल्यासारखे.

दिपमाला शाळेतून आली, पर्स न ठेवताच आत गेली आणि पाला वर केला. बाहेर येऊन विचारलं, "आई, यात काय घातलं?"

मी सांगितलं.

"पुरणपोळी?"

"आणि खीर."

"तूपही?"

"थोडं. प्रसादाचं होतं."

ती खुर्चीवर बसली. हसते की रडते ते कळेना. मग म्हणाली, "आई, दोन महिने मी तिथे खुरपं लावू दिलं नाही, बाबांना हात लावू दिला नाही, आणि तुम्ही मातीला मिष्टान्न वाढलं! शिजवलेलं, गोड, तुपकट अन्न खाली दाबलं की तिथे हवा राहत नाही. सडतं. त्याची आच मुळांना लागते."

"मग काढून टाकू?"

"कुठे टाकाल? उंबऱ्याबाहेर चालत नाही ना?"

मी रडले. देवीचंही चुकलं, मातीचंही चुकलं, आणि अक्काचं तर सगळ्यात जास्त. भाजीला दोन दिवस राहिले होते.

हे पेपरामागून बोलले. "देवीचं आहे, आता कोणी वरखाली करू नका. म्हैस जास्त खाऊन फुगते तेव्हा तिला काय देतात? वाळकी वैरण. यालाही तेच द्या."

दिपमालाने त्यांच्याकडे बघितलं. "बाबा, बरोबर आहे. कोरडं घालायचं. आणि पाणी बंद."

"कोरडं म्हणजे काय?"

"केळीचा वाळका पाला सगळ्यात चांगला."

हे उठले, सदरा घातला. इतक्या उन्हात सावद्याला निघाले.

९ ऑगस्ट, शनिवार

हे काल रात्री तिथेच राहिले, आज दिरांच्या टेम्पोतून आले. केळीची वाळकी पानं तीन गोण्या, आणि सोबत एक बाजलं, नवी सुतळी विणलेलं. बाजलं कशाला, विचारलं. "टेम्पोत जागा होती," म्हणाले. आणलं आणि मागच्या खोलीत, वाफ्याच्या समोरच्या भिंतीशी लावून ठेवलं. जागा अडते तिथे. पण आज बोलण्यात अर्थ नव्हता.

दिपमालाने पानांचा चुरा केला आणि कोपऱ्यावर जाड थर घातला. निंबोळी पेंड वरून भुरभुरली, चिलटांसाठी. उकरलं काहीच नाही. आता वाट बघायची.

आज पुनव. रोट मातीतच आहे, म्हणजे नियम तरी पाळला गेला. तेवढाच आधार.

११ ऑगस्ट, सोमवार

लोटनभाऊचा फोन आला. भाजी घेऊन साक्रीच्या मार्केटला गेले होते. मी विचारलं, अक्का इतकं मोठं अक्षर का काढते, कार्ड वाया जातं. त्यांनी गाडीचं इंजिन बंद केलं. मग म्हणाले, "लिलाबाई, अक्काले आते काही दखास नई. दोन्ही डोयामा मोती शे. हात चाचपडीसन लिखस."

मी म्हटलं, मग माझी कार्डं?

"मीच वाची दाखाडस. कानमा वरडनं पडस, मंग बठ्ठी गल्ली ऐकस. तुम्हना मेथीवर गल्लीमा पैज लागेल शे. सुताराना पोरगा म्हनस का लिलाबाई हारी, मन्ही घरवाली म्हनस का जिती."

मग हळू म्हणाले, "मी सांगं असं तिले सांगज्या नका. ती म्हनस, लिलाले कळी ते मन्हा जीव घेई."

फोन ठेवला आणि माझी सगळी कार्डं आठवायला लागले. बारीक लिही, उधळी झालीस. हे सगळं लोटनभाऊने गल्लीत ओरडून वाचलं. आणि ती ऐकत बसली असेल, हसत असेल.

चुलीवर हात कसा घालत असेल? विळीवर?

मी काही न सांगता उद्याच जाऊन तिला आणते म्हटलं. हे म्हणाले, "उचलून आणशील? ती काय गोणी आहे?"

१६ ऑगस्ट, शनिवार

दिपमाला एका डोळ्यांच्या दवाखान्यात चौकशी करून आली. मोतीबिंदूचं ऑपरेशन आता सोपं आहे, एक डोळा आधी, दुसरा नंतर. म्हणजे इथे महिना-दोन महिने राहावंच लागेल. ती आली तर ना.

वाफ्याचा वास कमी झाला. चिलटंही. मेली ती मेथी दिपमालाने उपटली नाही, जमिनीबरोबर कापून तिथेच पसरली. मुळं आत कुजू द्यायची म्हणे. भिंतीकडची निम्मी मेथी मात्र टवटवीत आहे, तिला काही झालेलं नाही. माझंच तिकडे लक्ष नव्हतं.

२० ऑगस्ट, बुधवार

आज भाजी केली.

भिंतीकडची मेथी खुडली, मुळं जागीच ठेवली. लसूण, हिरवी मिरची, दाण्याचा कूट, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. आधी नैवेद्य दाखवला. तिघांना दोन-दोन घास आली. वाटीत घासभर खाली सुकदेवभाऊंकडे पाठवली. त्यांनी ओरडून वर विचारलं, "वहिनी, दुसरं पीक कधी?"

ह्यांनी भाकरी संपवली, वाटी बोटाने पुसली आणि काहीही नाव ठेवलं नाही. असं आमच्या संसारात फार वेळा झालेलं नाही.

जेवताना मी म्हणत होते की उद्याच अक्काला कार्ड टाकते. उगवली, शिजली, खाल्ली. आता मुकाट्याने चल. गल्लीत वाचलं जाईल तेवढं बरं. सुताराच्या पोरालाही कळू दे.

हे म्हणाले, "लिही. पण मग ती हरून येईल."

"पैजच तशी होती ना."

"हरून कोणी राहायला येतं का? आली तरी पाहुणीसारखी कोपऱ्यात बसेल. ऐकू येत नाही, दिसत नाही, वर पैज हरलेली."

दिपमालाने भाकरी तोडता तोडता मान हलवली. मला ह्यांचं म्हणणं पुरतं कळलं नाही. जिंकलं ते जिंकलं, त्यात लपवायचं काय? मी कार्ड घेऊन बसले, तारीख घातली आणि पुढे लिहिताच आलं नाही. लोटनभाऊचा आवाज ऐकू यायला लागला.

२३ ऑगस्ट, शनिवार

खिडकीकडचा कोपरा अजून दुरुस्त नाही. केळीचा पाला अर्धा झिजला, खाली दोन-चार गांडुळं आली आहेत, पण पुन्हा पेरलेली मेथी तिथे पिवळी निघते. दिपमालाने शाळेतून कागदाच्या पट्ट्या आणून मातीला लावल्या, कुठला रंग आला ते पुस्तकाशी ताडून बघितलं. म्हणाली आंबट आहे. मग राख घालावी की थांबावं, यावर पुस्तकात एक लिहिलंय आणि मोबाईलमध्ये दुसरं. हे म्हणतात राख घाला. मी म्हणते थांबा. गेले तीन दिवस तिघं त्या कोपऱ्याभोवती उभे राहतो, जसे डॉक्टर पेशंटभोवती, आणि कोणालाच काही कळत नाही.

आज दिपमाला सहज म्हणाली, "मावशी असत्या तर चिमूट नाकाशी धरून सांगितलं असतं." अक्काला ती मावशी म्हणते.

मी मेजावरचं कार्ड उचललं, फाडलं. ते नुसतं तारीख घातलेलं वाया गेलं. एवढ्याशा कार्डात मावणारही नव्हतं, म्हणून पाकीट आणलं.

२५ ऑगस्ट, सोमवार

पत्र लिहिलं. परवा गणपती बसतील, घरात सवड मिळणार नाही, म्हणून आजच टपालपेटीत टाकते. आधी ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "बरं आहे." मग चष्मा पुसत बसले. पैजेचं सोडून दिल्याचं मला थोडं लागलंय, ते इथेच लिहिते, पत्रात नाही. दिपमालाने विचारलं, यात खोटं तर काही नाही ना? पुन्हा वाचलं. एक शब्द खोटा नाही. नक्कल ठेवते.

तीर्थस्वरूप अक्कास,

लिलाचा शिरसाष्टांग नमस्कार. आम्ही सगळे खुशाल. लोटनभाऊ, हे पत्र सावकाश वाचा आणि गल्लीतल्या बायका असतील तर त्यांनाही ऐकू द्या, माझी हरकत नाही.

अक्का, मेथी एकदा आली, पण पैजेचं राहू दे, ती मी सोडली. ज्यांना हसायचं त्यांनी हसून घ्यावं. मोठी चूक झाली आहे. तू दिलेल्या मातीत मी कानबाईचा रोट पुरला, पुरणपोळीसकट. तू म्हणशील मॅट्रिक होऊन हेच शिकलीस. म्हण. कोपऱ्याची माती आंबली. केळीचा पाला घातला, निंबोळी घातली, पाणी तोडलं. वास गेला, पण अंकुर पिवळा निघतो. राख घालू की नको? शेणखत वरून देऊ की आणखी मुरू देऊ? तुझी उसनी गांडुळं तिकडे जायला बघतात आणि मागे फिरतात.

दिपमालाला पुस्तकातलं कळतं, ह्यांना गाडीतलं कळतं, मला वाणसामानातलं. मातीतलं कळणारं या घरात कोणी नाही. हे नुसतं बघून कळणारं नाही, आम्ही तिघं रोज बघतोच आहोत. त्यात हात घालावा लागतो, मुठीत दाबावी लागते, वास घ्यावा लागतो. तसा हात आमच्यात एकालाही नाही. वाफा उकरायचा नाही असा इथे नियम आहे, पण तू बोट घातलंस तर चालेल, मी दिपमालाला विचारून ठेवलंय. वाफा दिवाणाच्या उंचीचा आहे, बसून काम होतं, वाकावं लागणार नाही. वाफ्याला लागूनच बाजलं ओढून टाकलंय, बसल्या जागेवरून हात पोचतो.

थंडीच्या आत हा कोपरा सुधारला तर पुढे पालक, कोथिंबीर घेता येईल. दोन-तीन महिने लागतील असं दिसतं. तुला तिकडचं काम सोडून यावं लागेल, त्याला माझा इलाज नाही. शेळी लोटनभाऊच्या घरी बांध, त्यांना मी सांगते. येताना तुझ्या उकिरड्याचं मूठभर जुनं खत आण, इथलं तसं लागत नाही.

लोटनभाऊची गाडी बुधवारी आणि शनिवारी जळगावला येते. पुढे त्यांच्याशेजारी बस, मागे भाजीत बसू नको. सोबत कोरं कार्ड घातलंय, त्यावर पत्ता मी लिहिला आहे. तू दुसरं काही लिहू नको. कोणत्या वारी येतेस तेवढा एक वार लिही आणि उलट टपाली पाठव.